घरच्या घरी संगणक-प्रयोगशाळा
आभासीकरणाची ओळख आणि प्रमाणपत्र-परीक्षांची पूर्वतयारी

गावच्या सेवा केंद्रात सात-बाराचा उतारा मिळतो, शाळेतील पटाची नोंद संगणकावर होते, शिष्यवृत्तीची रक्कम विद्यार्थ्याच्या बँकखात्यात परस्पर जमा होते. या प्रत्येक सोयीच्या मागे कोठे तरी एक सर्व्हर अहोरात्र चालू असतो आणि तो चालू ठेवणारा एक जाणकार माणूस असतो. सर्व्हर बंद पडला की खिडकीपुढील रांग थांबते. तो किती वेळात पुन्हा सुरू होईल हे त्या माणसाच्या ज्ञानापेक्षाही त्याच्या हाताच्या सवयीवर अवलंबून असते. असा सराव झालेला माणूस घडतो कोठे, हा प्रश्न म्हणूनच केवळ संगणक-व्यवसायाचा राहत नाही. तो लोकोपयोगी सेवांचा प्रश्न होतो.

आपल्या राज्यात संगणक-शिक्षणाचा पाया बऱ्याच वर्षांपूर्वी घातला गेला. १९८८ साली पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्राची, म्हणजेच सी-डॅकची स्थापना झाली आणि १९९१ मध्ये तेथे ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध झाला. पुढे २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन होऊन एम.एस.-सी.आय.टी. अभ्यासक्रमाच्या द्वारे संगणक-साक्षरता तालुक्यातालुक्यांत पोहोचली. परंतु संगणक वापरता येणे आणि संगणक-यंत्रणा सांभाळता येणे यांत मोठे अंतर आहे. पदवी वा पदविका घेतलेल्या कित्येक तरुणांना हे अंतर नोकरीच्या दारात उभे राहिल्यावर जाणवते. त्यांनी सर्व्हरविषयी वाचलेले असते, पण सर्व्हर हाताळलेला नसतो. चालू सर्व्हरवर शिकाऊ माणसाला कोणी हात लावू देत नाही, आणि हात लावल्याखेरीज शिकता येत नाही, असा हा पेच आहे.

आभासीकरण या तंत्राने हा पेच बऱ्याच अंशी सोडविला आहे. एकाच साध्या संगणकावर चार-पाच ‘आभासी’ संगणक उभे करावयाचे, त्यांचे आपसांत जाळे जोडावयाचे, ते हवे तितक्या वेळा बिघडवावयाचे आणि दुरुस्त करावयाचे, अशी ही घरगुती प्रयोगशाळा आहे. तिची उभारणी कशी करावी, तिच्या साहाय्याने मान्यताप्राप्त प्रमाणपत्र-परीक्षांची तयारी कशी करावी, आणि शाळा, ग्रंथालये व ग्रामपंचायती यांना त्यात काय करता येण्याजोगे आहे, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

आभासीकरण म्हणजे काय?

जुन्या वाड्याची रचना वाचकांनी डोळ्यांसमोर आणावी. वाडा एक, पाया एक, विहीर एक; परंतु आत पाच-सहा बिऱ्हाडे सुखाने नांदत असतात. प्रत्येक बिऱ्हाडाचे दार निराळे, कुलूप निराळे, चूल निराळी. एका घरात दूध ऊतू गेले म्हणून शेजारच्या घराची चूल विझत नाही. पाणी कोणी किती भरावे, जिना कोणी केव्हा झाडावा याची शिस्त घरमालक राखतो.

आभासीकरणात हेच घडते. प्रत्यक्ष संगणक हा वाडा होय. त्यातील प्रोसेसर, रॅम व डिस्क यांची वाटणी करून प्रत्येक आभासी यंत्राला त्याचा हिस्सा नेमून देणाऱ्या आज्ञावलीला ‘हायपरव्हायझर’ म्हणतात. ती घरमालकाचे काम करते. प्रत्येक आभासी यंत्रात स्वतंत्र कार्यप्रणाली चालते. एकात लिनक्स, दुसऱ्यात विंडोज सर्व्हर, तिसऱ्यात आणखी काही. आपण दुसऱ्याच्या वाड्यात राहतो आहोत याची त्या प्रणालीला फारशी जाणीवही नसते. आभासी यंत्राची संपूर्ण डिस्क ही प्रत्यक्ष संगणकाच्या दृष्टीने केवळ एक फाइल असते. म्हणूनच तिची नक्कल काढणे, ती दुसरीकडे हलविणे किंवा पुसून टाकणे सोपे जाते.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील आय.बी.एम. कंपनीच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथील शास्त्रीय केंद्रात १९६०-७० या दशकात तिचे पहिले महत्त्वाचे प्रयोग झाले. त्या काळी संगणक अत्यंत महाग होता आणि एकाच यंत्राचा लाभ अनेकांना एकाच वेळी मिळावा अशी निकड होती. १९७२ साली त्या कंपनीने ‘व्ही.एम./३७०’ ही प्रणाली बाजारात आणली. १९७४ साली जेराल्ड पोपेक व रॉबर्ट गोल्डबर्ग या शास्त्रज्ञांनी एखादे यंत्र आभासीकरणास योग्य ठरण्यासाठी कोणत्या अटी पुऱ्या व्हाव्या लागतात याची शास्त्रशुद्ध मांडणी केली.

घरोघरी पोहोचलेले वैयक्तिक संगणक मात्र या अटी पुऱ्या करीत नव्हते. १९९८ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने अडचणीच्या आज्ञा चालता चालता बदलून घेण्याची युक्ती योजिली आणि १९९९ मध्ये साध्या संगणकावर चालणारी आभासीकरणाची आज्ञावली विक्रीस आणली. २००५ व २००६ या वर्षांत इंटेल व ए.एम.डी. या कंपन्यांनी आपल्या प्रोसेसरमध्येच आभासीकरणास साहाय्यभूत अशी सोय केली. २००७ साली ‘के.व्ही.एम.’ हा हायपरव्हायझर लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाला. मोठ्या संगणक-केंद्रांत जे तंत्र चालते तेच त्यामुळे विद्यार्थ्याच्या टेबलावर विनामूल्य उपलब्ध झाले. शेतीची अवजारे पाहण्यासाठी शेतकऱ्याने दूरच्या प्रदर्शनाला जावे आणि एके दिवशी तीच अवजारे गावच्या अवजार बँकेत मिळू लागावीत, तसाच हा बदल होय.

कोणते यंत्र घ्यावे?

घरगुती प्रयोगशाळेसाठी नवा व महागडा संगणक लागतो हा समज चुकीचा आहे. तीन गोष्टी पाहाव्यात : प्रोसेसर, रॅम आणि डिस्क.

प्रोसेसरमध्ये आभासीकरणाची सोय असणे आवश्यक आहे. गेल्या दहा-बारा वर्षांतील बहुतेक संगणकांत ती असते, परंतु पुष्कळदा ती कारखान्यातूनच बंद ठेवलेली असते. संगणक सुरू होताना उघडणाऱ्या बायोसच्या पडद्यावर जाऊन ती चालू करावी लागते. इंटेलच्या यंत्रांत ‘व्हीटी-एक्स’ आणि ए.एम.डी.च्या यंत्रांत ‘एस.व्ही.एम.’ या नावाने ती शोधावी. आभासी यंत्र सुरूच होत नाही अशी तक्रार नवशिक्यांकडून वारंवार ऐकू येते. तिचे कारण बहुधा येथेच सापडते.

रॅमचा हिशेब सोपा आहे. मूळ संगणकासाठी ४ जी.बी. राखून ठेवावी. चित्रमय पडद्याविना चालणाऱ्या लिनक्सच्या आभासी यंत्राला २ जी.बी. धरावी. अशी तीन यंत्रे एकाच वेळी चालवावयाची झाल्यास ६ जी.बी. लागेल, एकूण १० जी.बी. म्हणजेच १६ जी.बी. रॅमचा संगणक ऐसपैस होतो. ८ जी.बी. असेल तर दोन यंत्रांवर भागवावे. अभ्यासाचा मोठा भाग तेवढ्यातही पुरा होतो. विंडोज सर्व्हरचा अभ्यास करणाऱ्यांनी प्रत्येक यंत्रास ४ जी.बी. धरून हिशेब मांडावा.

डिस्क जुन्या फिरत्या तबकडीची असल्यास ती बदलून एस.एस.डी. बसविणे हा सर्वांत फायद्याचा खर्च ठरतो. तीन-चार आभासी यंत्रे एकदम वाचू-लिहू लागली की फिरती तबकडी दमते आणि सारे काम रेंगाळते.

या संदर्भात एक गोष्ट शाळा व कार्यालये यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. पुढील आवृत्ती, म्हणजे विंडोज ११, इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीच्या प्रोसेसरांना अधिकृतपणे स्वीकारीत नाही. परिणामी सहाव्या-सातव्या पिढीचे असंख्य संगणक चालू स्थितीत असूनही अडगळीत जाण्याच्या वाटेवर आहेत. लिनक्स व के.व्ही.एम. यांच्यासाठी हेच संगणक उत्तम होत. जो संगणक कचऱ्यात जमा होणार, तोच एखाद्या होतकरू मुलाची प्रयोगशाळा होऊ शकतो.

याउलट काही उत्साही मंडळी कार्यालयांतून बाद झालेले मोठे सर्व्हर विकत घेतात. त्यांची किंमत कमी दिसते, पण विजेचे बिल मागाहून येते. १५० वॉट वीज घेणारा सर्व्हर महिनाभर अहोरात्र चालला तर १०८ युनिट वीज खर्च होते. ६० वॉटचा साधा संगणक रोज चार तास वापरला तर महिन्याला ७.२ युनिट पुरतात. शिवाय मोठ्या सर्व्हरच्या पंख्यांचा आवाज आणि उष्णता लहान घरात सोसण्यासारखी नसते. जेथे वीज वारंवार जाते तेथे लहानसा यू.पी.एस. अवश्य जोडावा, वीज अकस्मात गेल्यास आभासी यंत्राच्या डिस्कमधील नोंदी विस्कटण्याचा धोका असतो.

हायपरव्हायझरची निवड

संगणकावर लिनक्स असल्यास के.व्ही.एम. आणि त्याचा व्यवस्थापक ‘व्हर्ट-मॅनेजर’ ही जोडी पुरेशी आहे. विंडोज कायम ठेवावयाचे असल्यास ओरॅकल कंपनीचे व्हर्च्युअलबॉक्स वापरता येते. विंडोजच्या प्रोफेशनल आवृत्तीत हायपर-व्ही अंगभूत मिळते. होम आवृत्तीत मात्र ते नसते. संपूर्ण संगणकच प्रयोगशाळेला वाहिलेला असेल, तर ऑस्ट्रियातील व्हिएन्ना येथे विकसित झालेली व २००८ पासून उपलब्ध असलेली प्रॉक्समॉक्स ही प्रणाली सोयीची पडते. तिचा कारभार दुसऱ्या संगणकावरील ब्राउझरमधून पाहता येतो.

निवड करताना अलीकडच्या एका घडामोडीपासून बोध घ्यावयास हवा. व्हीएमवेअरचा ‘ई.एस.एक्स.आय.’ हा हायपरव्हायझर विनामूल्य मिळत असल्याने जगभरातील असंख्य विद्यार्थी त्यावर शिकले. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉम या कंपनीने व्हीएमवेअर ताब्यात घेतली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ती विनामूल्य आवृत्ती बंद झाली. एप्रिल २०२५ मध्ये ती पुन्हा उपलब्ध करण्यात आली. दरम्यान पुष्कळांनी आपल्या प्रयोगशाळा के.व्ही.एम. व प्रॉक्समॉक्स यांवर हलविल्या. एखाद्या कंपनीची आज्ञावली वापरण्यास हरकत नाही. ज्या कंपनीची परीक्षा द्यावयाची तिचीच आज्ञावली शिकावी लागते, हेही खरे. परंतु पायाभूत शिक्षण मुक्त प्रणालींवर झाले, तर परवान्याचे नियम बदलल्यामुळे विद्यार्थ्याचा अभ्यास खंडित होत नाही. पुढे नोकरीत कोणतीही प्रणाली समोर आली तरी मूळ तत्त्वे तीच राहतात.

आभासी यंत्रांत चालविण्यासाठी प्रणालीही कायदेशीर मार्गाने मिळतात. रेड हॅट कंपनी २०२१ पासून व्यक्तिगत विकासकांना सोळा यंत्रांपर्यंत आपले लिनक्स विनामूल्य वापरू देते. त्याच्याशी मिळतीजुळती असलेली अल्मालिनक्स व रॉकी लिनक्स ही दोन्ही पूर्णतः मुक्त आहेत. विंडोज सर्व्हरची चाचणी-आवृत्ती १८० दिवस वापरता येते. चोरीच्या आज्ञावलीवर शिकण्याचे आता कोणतेही कारण उरलेले नाही. जुना संगणक वापरणाऱ्यांनी मात्र एवढे पाहावे, की २०२५ साली आलेली रेड हॅट लिनक्सची दहावी आवृत्ती फार जुन्या प्रोसेसरवर चालत नाही. अशा यंत्रांसाठी अल्मालिनक्सने निराळी जोडणी उपलब्ध ठेवली आहे.

जाळ्याची आखणी

आभासी यंत्रांचे आपसांतील जाळे तीन प्रकारे जोडता येते. पहिल्या प्रकारात आभासी यंत्र मूळ संगणकाच्या आडून बाहेरच्या जगाशी बोलते. याला ‘नॅट’ म्हणतात. दुसऱ्या प्रकारात ते घरच्या वा कार्यालयाच्या जाळ्यात स्वतंत्र संगणकाप्रमाणे सामील होते. याला ‘ब्रिज’ असे नाव आहे. तिसऱ्या प्रकारात ती यंत्रे केवळ एकमेकांशीच बोलतात व बाहेरचा मार्ग पूर्ण बंद असतो.

नवशिक्याने पहिला व तिसरा प्रकारच वापरावा. त्याचे कारण असे : जाळ्यातील प्रत्येक संगणकाला पत्ता वाटून देणारी ‘डी.एच.सी.पी.’ नावाची सेवा असते. अभ्यासासाठी अशी सेवा उभारली आणि ती ‘ब्रिज’ने शाळेच्या किंवा कार्यालयाच्या जाळ्यास जोडली गेली, तर ती तेथील खऱ्या संगणकांनाही आपलेच पत्ते वाटू लागते. मग अनेक टेबलांवरील काम थांबते, आणि कारण शोधता शोधता दिवस जातो. बंदिस्त जाळ्यात हाच प्रयोग निर्धास्तपणे करता येतो. पत्त्यांसाठी १९२.१६८ किंवा १० या अंकांनी सुरू होणारे खासगी वापराचे पत्ते घ्यावेत. हे पत्ते १९९६ च्या आंतरराष्ट्रीय संकेतानुसार खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेले आहेत.

परीक्षांचे स्वरूप

माहिती-तंत्रज्ञानातील प्रमाणपत्रे मुख्यतः दोन प्रकारची आहेत. काही परीक्षांत प्रामुख्याने पर्यायी उत्तरांचे प्रश्न असतात. कॉम्पटिया संस्थेची ‘ए-प्लस’ परीक्षा या वर्गात येते. तिच्यात दोन प्रश्नपत्रिका असून संगणक-दुरुस्तीचे मूलभूत ज्ञान तपासले जाते. सिस्को कंपनीची ‘सी.सी.एन.ए.’ ही जाळे-विषयक परीक्षा १२० मिनिटांची असून २०२० पासून ती एकाच प्रश्नपत्रिकेची झाली आहे. अशा परीक्षांतही प्रश्नांच्या जोडीला करून दाखविण्याच्या कृती घातल्या जातात.

दुसऱ्या प्रकारच्या परीक्षा संपूर्णतः प्रात्यक्षिकाच्या असतात. रेड हॅटची ‘आर.एच.सी.एस.ए.’ परीक्षा हे याचे उत्तम उदाहरण होय. या परीक्षेत पर्यायी उत्तरे नाहीत. उमेदवारापुढे चालू यंत्रे ठेवली जातात आणि सुमारे तीन तासांत नेमून दिलेली कामे पुरी करावयाची असतात. एकूण ३०० गुणांपैकी उत्तीर्ण होण्यास २१० लागतात. इंटरनेट वापरता येत नाही. प्रणालीच्या सोबत येणारी माहितीपुस्तिका मात्र पाहता येते. या परीक्षेची एक अट तिच्या स्वरूपावर पुरेसा प्रकाश टाकते : केलेली प्रत्येक रचना यंत्र बंद करून पुन्हा सुरू केल्यावरही टिकली पाहिजे.

ही अट वरकरणी लहान वाटली तरी तिच्यात या व्यवसायाचे मर्म सामावले आहे. दुपारी सुरळीत चाललेली सेवा रात्री वीज जाऊन आल्यावर आपोआप उभी राहिली नाही, तर सकाळी कार्यालय उघडताना लोकांना ताटकळत बसावे लागते. तेव्हा परीक्षक जे तपासतो, तेच पुढे नोकरीत जनतेला हवे असते.

या परीक्षांचे शुल्क कित्येक हजार रुपये असते आणि अनुत्तीर्ण झाल्यास पुन्हा परीक्षेस बसण्यासाठी सामान्यतः ते पुन्हा भरावे लागते. शिवाय आर.एच.सी.एस.ए. व सी.सी.एन.ए. ही दोन्ही प्रमाणपत्रे तीन वर्षांसाठीच ग्राह्य असतात. सामान्य कुटुंबातील तरुणाने म्हणूनच शुल्क भरण्यापूर्वी आपली तयारी घरच्या प्रयोगशाळेत तावून-सुलाखून घ्यावी, हे श्रेयस्कर.

सोळा आठवड्यांचा अभ्यासक्रम

रोज दीड तास व आठवड्यातून सहा दिवस अभ्यास केल्यास सोळा आठवड्यांत १४४ तास होतात. आर.एच.सी.एस.ए. परीक्षा डोळ्यांपुढे ठेवून त्यांची विभागणी पुढीलप्रमाणे करता येईल.

पहिल्या तीन आठवड्यांत आज्ञा टंकित करून काम करण्याची सवय, फायलींची हाताळणी व त्यांवरील वाचन-लेखनाचे अधिकार हा भाग घ्यावा. पुढील तीन आठवडे वापरकर्ते, त्यांचे गट आणि सेवा सुरू-बंद करणे यांना द्यावेत. सातव्या ते नवव्या आठवड्यात डिस्कची विभागणी, तार्किक खंड तयार करणे व ते वाढविणे यांचा अभ्यास व्हावा. कोणती डिस्क कोठे जोडावयाची याची नोंद ‘एफ.एस.टॅब’ नावाच्या फाइलमध्ये असते. तिच्यात एखादे अक्षर चुकले तरी यंत्र पुन्हा सुरू होताना अडून बसते. ही चूक मुद्दाम करावी आणि यंत्र सावरावे. नोकरीत जो प्रसंग घाम फोडणारा ठरतो, तो येथे पाच मिनिटांचा पाठ होतो.

दहाव्या ते बाराव्या आठवड्यात जाळे, फायरवॉल व ‘एस.ई. लिनक्स’ ही सुरक्षा-व्यवस्था घ्यावी. संकेतस्थळ दाखविणारी सेवा चालू आहे, फायरवॉलमधून वाट मोकळी आहे, तरीही पान दिसत नाही, असा अनुभव या भागात हमखास येतो. फायलींवर योग्य ती सुरक्षा-खूण नसल्यामुळे व्यवस्थेने वाट अडविलेली असते. अशा वेळी ती व्यवस्थाच बंद करून टाकण्याचा मोह होतो. कुलूप उघडत नाही म्हणून दारच काढून ठेवण्यासारखे ते आहे. योग्य खूण लावण्यास शिकणे हाच खरा अभ्यास होय.

तेराव्या व चौदाव्या आठवड्यात छोट्या आज्ञामालिका लिहिणे, ठरावीक वेळी होणारी कामे नेमणे आणि व्यवस्थापकाचा विसरलेला संकेतशब्द नव्याने बसविणे यांचा सराव करावा. शेवटचे दोन आठवडे केवळ सराव-परीक्षांना राखून ठेवावेत. कोरे यंत्र उभे करावे, घड्याळ लावावे, वीस कामांची यादी हाती घ्यावी आणि शेवटी यंत्र बंद-चालू करून काय टिकले ते तपासावे.

हा अभ्यास जोडीने केल्यास अधिक फलदायी होतो. एकाने दुसऱ्याच्या यंत्रात गुपचूप बिघाड करून ठेवावा व दुसऱ्याने तो शोधून काढावा. प्रत्येक बिघाड, त्याची लक्षणे व उपाय यांची वहीत मराठीतून नोंद करावी. स्वतःच्या भाषेत लिहिलेली अशी वही परीक्षेच्या आदल्या रात्री छापील पुस्तकापेक्षा अधिक उपयोगी पडते.

काही खबरदारी

आभासी यंत्राची एका क्षणीची स्थिती जपून ठेवण्याच्या सोयीला ‘स्नॅपशॉट’ म्हणतात. प्रयोगापूर्वी स्नॅपशॉट घ्यावा आणि प्रयोग फसल्यास मागे जावे. मात्र स्नॅपशॉट म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे. तो त्याच डिस्कवर असतो. डिस्क गेली की तोही जातो. महत्त्वाच्या यंत्रांची प्रत निराळ्या डिस्कवर ठेवावी. तसेच प्रत्येक अडचणीत स्नॅपशॉटकडे धाव घेतल्यास दुरुस्तीची कला अंगी येत नाही. अर्धा तास झगडून पाहावे, मगच मागे जावे.

दुसरी खबरदारी खऱ्या माहितीविषयी. कार्यालयातील कर्मचारी सरावासाठी लाभार्थ्यांची यादी, विद्यार्थ्यांचा पट किंवा आधार क्रमांक घरच्या यंत्रावर घेऊन जातात, असे होता कामा नये. २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम संमत केला, त्यामागील हेतू नागरिकांच्या अशा माहितीचे जतन हाच आहे. सरावासाठी कल्पित नावे व कल्पित आकडे सर्वस्वी पुरेसे असतात.

तिसरी खबरदारी अधिक महत्त्वाची. परीक्षेतील प्रत्यक्ष प्रश्न पाठ करण्यासाठी चोरून विकणाऱ्यांचा धंदा सर्वत्र बोकाळला आहे. उमेदवार परीक्षेच्या वेळी प्रश्न उघड न करण्याचा करार मान्य करतो. तो मोडल्यास प्रमाणपत्र रद्द होऊ शकते. परंतु कराराचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी यातील हानी उघड आहे. पाठांतराने मिळविलेले प्रमाणपत्र मुलाखतीच्या पहिल्या पाच मिनिटांत उघडे पडते. आणि तेथे निभावले, तर सर्व्हर बंद पडेल त्या दिवशी निभावत नाही. त्या दिवशी त्या तरुणाची नोकरी पणास लागतेच, शिवाय ज्यांचे काम अडले त्या सामान्य माणसांना त्याची किंमत मोजावी लागते.

शाळा, ग्रंथालये व पंचायती यांचे साहाय्य

शहरातील विद्यार्थ्याला शिकवणी-वर्ग, मित्रमंडळी व जुन्या सामानाचा बाजार हाताशी असतो. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या मुलाला यांपैकी काहीच नसते. हे अंतर कमी करण्यासाठी मोठ्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. हाताशी असलेल्या साधनांतून पुढील गोष्टी होऊ शकतात.

माध्यमिक शाळा व कनिष्ठ महाविद्यालये यांना आपल्या संगणक-कक्षातील जुन्या यंत्रांची पाहणी करता येईल. विहित कार्यपद्धतीनुसार यंत्रे बाद ठरविण्यापूर्वी, दोन यंत्रांतील रॅम एकत्र करून एक चांगले यंत्र तयार होते काय, हे शिक्षकांनी पाहावे. अशी चार यंत्रे मिळाली तरी आठ विद्यार्थ्यांच्या जोडीने चालणाऱ्या अभ्यासाची सोय होते. जी यंत्रे खरोखरच निकामी असतील ती भंगारवाल्याला न देता ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ यांना अनुसरून नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडे द्यावीत. देण्यापूर्वी त्यांतील डिस्क पूर्णपणे पुसावी.

सार्वजनिक ग्रंथालयाला अभ्यासिकेचा एक कोपरा यासाठी देता येईल. लिनक्सची प्रतिष्ठापना-फाइल कित्येक जी.बी.ची असते आणि प्रत्येकाने ती निरनिराळी उतरवून घेणे परवडत नाही. ग्रंथालयाने ती एकदा उतरवून पेनड्राइव्हवर उपलब्ध ठेवली, तर दहा जणांचा खर्च वाचतो. ज्या ग्रामपंचायतीत इंटरनेटची जोडणी पोहोचली आहे, तेथे कार्यालयीन वेळेनंतर ही सोय देण्याचा विचार सदस्यांनी करावा. मात्र विद्यार्थ्यांची यंत्रे कार्यालयीन जाळ्यापासून पूर्णपणे अलग ठेवावीत.

तालुक्यातून बाहेर पडून पुणे, मुंबई, नागपूर किंवा परदेशी या क्षेत्रात काम करणारे तरुण-तरुणी आता जवळजवळ प्रत्येक मोठ्या गावात निघतात. सुटीत गावी आलेल्या अशा एखाद्या माजी विद्यार्थ्याने दोन तास काढून एक सराव-परीक्षा घेतली, तर पुस्तकातून न मिळणारे मार्गदर्शन मिळते. मुख्याध्यापकांनी त्यांना आवर्जून निमंत्रण द्यावे.

प्रमाणपत्राने नोकरी मिळतेच अशी हमी कोणी देऊ शकत नाही आणि तसे सांगून पालकांकडून मोठ्या रकमा घेणाऱ्यांपासून सावध राहावयास हवे. आधी घरच्या यंत्रावर तीन-चार महिने काम करून पाहावे. या कामात मन रमते काय हे त्यातच कळून येते. रमले तर शुल्क भरावे, न रमले तर गेला तो केवळ वेळ, आणि तोही वाया गेला असे म्हणता येणार नाही. अडगळीतील एक संगणक, विनामूल्य मिळणाऱ्या प्रणाली आणि रोजचा दीड तास, एवढ्या भांडवलावर सर्व्हर उभा करणे, बिघडवणे व सावरणे हे सारे शिकता येते. सेवा केंद्राच्या खिडकीपुढील रांग पुढे सरकत ठेवणारी माणसे अशाच सरावातून तयार होतील, आणि ती आपल्याच गावांतून तयार व्हावीत यासाठी फारसा खर्च नव्हे, तर थोडी जागा व थोडा विश्वास देण्याची आवश्यकता आहे.